पाण्यातली म्हैस आणि विजेची मोटार

गुरांच्या बाजारात बैल विकत घेणारा शेतकरी प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, अशा मोजक्या शब्दांत जनावराचे वय सांगितले जाते आणि त्या वयावरून त्याचे मोल ठरते. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत असला, तरी जनावर मात्र उघड्यावर उभे असते. त्याला चालवून, जुंपून, त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहता येते. जे पाहता येत नाही त्याचा सौदा करू नये, हे शहाणपण मराठी माणसाने ‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ या म्हणीत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले आहे. परंतु ज्या वस्तूचा मुख्य भाग कायमचा पाण्याखालीच असतो अशी एक वस्तू आता आपल्या शहरांतील जुन्या मोटारींच्या बाजारात येऊन उभी राहिली आहे. ती म्हणजे तीन-चार वर्षे वापरलेली, विजेवर चालणारी छोटी मोटार.

या मोटारीकडे वळणारा ग्राहक श्रीमंत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो नवी मोटार घेतो, आणि ज्याच्याजवळ मुळीच नाही तो एस.टी.च्या रांगेत उभा राहतो. जुन्या मोटारीचा विचार करतो तो या दोघांच्या मधला माणूस : जिल्ह्याच्या गावी नोकरी करणारा शिक्षक, बँकेतील कारकून, सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला कचेरीतील लिपिक. त्याचा हिशेब साधा असतो आणि तो चुकीचाही नसतो. शाळा घरापासून पंधरा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन रोजचे ३० किलोमीटर आणि महिन्याचे साडेसातशे होतात. पेट्रोलची मोटार लिटरला १५ किलोमीटर धावली तर ५० लिटर पेट्रोल लागते, आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे असल्यामुळे खर्च पाच हजारांवर जातो. विजेची छोटी मोटार एका युनिटमध्ये सुमारे आठ किलोमीटर धावते. म्हणजे तेवढ्याच प्रवासाला ९४ युनिटे पुरतात. वापर वाढला की विजेचा दर चढत जातो हे लक्षात घेऊन युनिटला १० ते १५ रुपये धरले, तरी महिन्याचा खर्च चौदाशेच्या आसपास थांबतो. वर्षाकाठी चाळीस-पन्नास हजारांची ही बचत मध्यमवर्गीय संसारात लहान नव्हे.

छोट्या विजेच्या मोटारीची नवी किंमत या माणसाच्या आवाक्याबाहेर असते. टाटांची टियागो ही विजेची मोटार सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची सर्वांत कमी किंमत ८ लाख ४९ हजार होती. पुढील वर्षी आलेल्या एम.जी. कंपनीच्या कॉमेटची किंमतही आठ लाखांच्या जवळपास होती. याच जातीची वापरलेली मोटार त्याहून दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळू लागली, की मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच पाण्यातली म्हैस आडवी येते.

बॅटरीला दात नसतात

पेट्रोलच्या जुन्या मोटारीची परीक्षा करण्याची एक विद्या आपल्या समाजात रुजलेली आहे. गल्लीतला मेकॅनिक इंजिन चालू करून कान देतो, धुराचा रंग पाहतो, तेलाची कांडी काढून बोटांवर चोळतो आणि पाच मिनिटांत आपला निर्णय सांगतो. विजेच्या मोटारीत ही विद्या जवळजवळ निरुपयोगी ठरते. मोटार नि:शब्द चालते, धूर नाही, तेल नाही. पत्रा चकचकीत असतो, गादी स्वच्छ असते, आणि गाडीच्या एकूण किमतीचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, ज्या वस्तूत गुंतलेला असतो ती बॅटरी तळाशी पेटीबंद असते. तिला उघडून पाहता येत नाही आणि पाहिले तरी डोळ्यांना काही कळत नाही.

लिथियमची बॅटरी दोन प्रकारांनी म्हातारी होते. एक म्हणजे काळाने. मोटार उभी असली तरी तिची रासायनिक झीज चालूच असते. दुसरी वापराने, म्हणजे भरण्या-उपसण्याच्या फेऱ्यांनी. उष्णतेने या दोन्ही क्रिया वेगाने होतात. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवणे आणि सतत जलद चार्जरवर ती भरत राहणे या सवयी तिचे आयुष्य कमी करतात. लोह-फॉस्फेटाच्या बॅटऱ्या निकेलच्या बॅटऱ्यांपेक्षा अधिक फेऱ्या सोसतात. काही मोटारींत बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था असते, काहींत ती नसते. म्हणून एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन मोटारी तीन वर्षांनी सारख्या राहत नाहीत. नाशिकच्या सावलीत उभी राहून रात्री घरच्या प्लगवर संथपणे भरलेली मोटार आणि नागपूरच्या उन्हात भाड्याने धावून दिवसातून दोनदा जलद चार्जरवर भरलेली मोटार बाहेरून जुळ्या दिसतील, पण आतून त्यांच्या वयात मोठे अंतर पडलेले असेल.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. निसान कंपनीची लीफ ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये आली. बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोय तीत नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना या उष्ण प्रदेशात २०१२ पर्यंत अनेक मालकांच्या लक्षात आले की बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर क्षीण होत आहे. हे त्यांना कळले याचे कारण असे, की लीफच्या दर्शकावर बॅटरीची उरलेली क्षमता दाखविणाऱ्या बारा रेषा होत्या आणि त्या एकेक करून विझू लागल्या. तक्रारी वाढल्यावर पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांपर्यंत बारापैकी नऊ रेषा टिकतील अशी हमी कंपनीला द्यावी लागली. या प्रसंगातील बोध महत्त्वाचा आहे. दोष दिसत होता म्हणून तक्रार करता आली, आणि तक्रार करता आली म्हणून हमी मिळाली.

आपल्याकडेही याचा एक पूर्वानुभव आहे. बंगळूरला २००१ साली रेव्हा ही विजेची चिमुकली मोटार विक्रीस आली. ती पुढे लंडनमध्ये जी-विझ या नावाने विकली गेली आणि तेथील गर्दीकर माफ असल्यामुळे बऱ्यापैकी खपली. रेव्हाच्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या आणि एका भरण्यात मोटार ८० किलोमीटरच्या आसपास चालत असे. शिशाच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत थकतात. त्यामुळे जुनी रेव्हा घेणाऱ्याला मोटारीच्या किमतीबरोबर लवकरच येणारा नव्या बॅटऱ्यांचा खर्चही मनात धरावा लागे. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या कितीतरी अधिक टिकाऊ आहेत. कॅनडातील जिओटॅब या कंपनीने हजारो मोटारींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षमतेचा ऱ्हास दरसाल सरासरीने दोन टक्क्यांच्या आसपास आढळला. म्हणजे आठ वर्षांनीही पाचांतील चार भाग शिल्लक राहावेत. बातमी दिलासा देणारी आहे, पण ती सरासरीची आहे. सरासरी खोलीची नदी ओलांडणारा माणूस बुडू शकतो, हे गणिताच्या शिक्षकाला सांगावयास नको.

एका निबंधाची आठवण

जुन्या मोटारींच्या बाजारावर जगातील एक अत्यंत प्रसिद्ध अर्थशास्त्रीय निबंध लिहिला गेला आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा हा निबंध १९७० साली छापला गेला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो परत पाठविला होता. अमेरिकेतील बोलीत खोडसाळ निघालेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. अकरलॉफ यांचे म्हणणे असे : मोटार चांगली आहे की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच मोटारींना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात लिंबांचे प्रमाण वाढते, भाव आणखी पडतो, आणखी काही चांगले विक्रेते माघार घेतात. अज्ञानाने केवळ घेणारा फसतो असे नाही. प्रामाणिक विकणाराही फसतो आणि अखेरीस बाजारच मोडतो. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ साली इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या निबंधाचा भारताशी संबंध आहे. १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि बाजारातून आणलेल्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडीत बसणारी भारतीय गृहिणी त्यांच्या निबंधात येते. सुपातले तांदूळ निवडता येतात, कारण खडा अखेर डोळ्यांना दिसतो. बॅटरीतला खडा निवडण्याचे सूप मात्र ग्राहकाच्या हाती दिलेले नाही. ते कंपनीच्या संगणकात आहे.

वस्तुत: विजेच्या मोटारीत माहितीचा अभाव मुळीच नाही. बॅटरीचे नियंत्रण करणारे यंत्र प्रत्येक भरण्याची, तापमानाची आणि उरलेल्या क्षमतेची नोंद ठेवीत असते. पेट्रोलचे इंजिन आपली कहाणी कोठेही लिहून ठेवीत नाही. विजेची मोटार ती लिहून ठेवते, पण ती वही उघडण्याची किल्ली अनेकदा अधिकृत केंद्राकडेच असते. अकरलॉफ यांच्या काळच्या बाजारात माहिती मिळवणेच कठीण होते. येथे ती हाताशी असून अडवून ठेवलेली आहे, आणि म्हणूनच हा दोष दूर होण्याजोगा आहे.

घरचा मीटर हाच तराजू

तो दूर होईपर्यंत ग्राहकाने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे अधिकृत केंद्रात बॅटरीची तपासणी करवून उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा, आणि विकणारा त्यास नकार देत असेल तर तो नकार हेच उत्तर समजावे. अहवाल मिळत नसेल तर एक घरगुती परीक्षा आहे, तिला फक्त थोडा वेळ आणि विजेचा साधा उपमीटर लागतो. समजा, मोटारीची बॅटरी १९.२ युनिटांची आहे. ती प्रथम पूर्ण भरावी, मग दर्शकावर २० टक्के उरेपर्यंत मोटार चालवावी आणि पुन्हा पूर्ण भरताना मीटरवर किती युनिटे पडली ते पाहावे. ८० टक्क्यांचे १५ युनिटांहून थोडे अधिक होतात. भरताना दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते हे धरून धडधाकट बॅटरी सुमारे १७ युनिटे घेईल. तिने तेराच घेतली, तर जवळजवळ चतुर्थांश क्षमता गेली असे समजावयास हरकत नाही. ही परीक्षा ढोबळ आहे, कारण टक्के दाखविणारा दर्शकही अंदाजच करीत असतो. पण मोठा खोट ती लपू देत नाही.

याच चालविण्यात मोटार खरोखर किती किलोमीटर जाते हेही कळते. प्रयोगशाळेत मोजलेला अडीचशे किलोमीटरचा पल्ला रस्त्यावर बराच आखडतो, हे नव्या मोटारीच्या बाबतीतही खरेच आहे. म्हणून तुलना जाहिरातीतील आकड्याशी न करता आपल्या रोजच्या गरजेशी करावी. ज्याला रोज ३० किलोमीटर जावयाचे आहे त्याला शंभर किलोमीटर चालणारी थकलेली मोटारही पुष्कळ वर्षे पुरेल, फक्त तिची किंमत थकलेल्या मोटारीची असावी.

कागद वाचण्यातही चिकाटी हवी. बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी हमी सर्वत्र ऐकू येते. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे काय, त्यासाठी काही नोंदणी करावी लागते काय, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली म्हणजे बॅटरी बदलून मिळेल, हे तीन प्रश्न लेखी सोडवून घ्यावेत. काही कंपन्यांची अलीकडची ‘आजीवन’ हमी पहिल्या मालकापुरतीच असते. बॅटरी भाड्याने देण्याची पद्धतही २०२४ पासून सुरू झाली आहे. कॉमेट त्या पद्धतीने ४ लाख ९९ हजारांना आणि वर किलोमीटरमागे अडीच रुपयांना देऊ करण्यात आली. अशी मोटार जुन्या बाजारात आली, तर मोटार एकाची आणि तिच्या पोटातील बॅटरीवर हक्क दुसऱ्याचा, असा प्रकार संभवतो. मोटार पूर्वी भाड्याने धावत होती काय हे नोंदणीपुस्तकावरून कळते. विजेच्या खाजगी वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात, तर प्रवासी वाहनाच्या पाटीवर पिवळी. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या ग्राहकाने विम्याच्या दाव्यांचा इतिहास विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, हे त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. आणि सर्वांत शेवटी, किंवा खरे तर सर्वांत आधी, आपल्या इमारतीत मोटार भरावयाची कोठे हा प्रश्न सोडवावा. फेब्रुवारी २०२४ मधील वीजग्राहक हक्कांच्या नियमदुरुस्तीने त्यासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार दिला आहे. पण सोसायटीच्या सभेत तो वापरण्यास धीर लागतो.

नमुन्यातील रिकामा रकाना

इतके सारे करूनही प्रश्न उरतो तो असा, की एका शिक्षकाने आपल्या बचतीच्या रक्षणासाठी मीटर लावून रात्र जागवावी, ही व्यवस्था न्याय्य आहे काय? मोटार नावावर करताना परिवहन कार्यालयात नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. त्यांत चासीचा क्रमांक आहे, मालकाचा पत्ता आहे, पण मोटारीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीची वस्तू कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारा रकाना नाही. पेट्रोलच्या मोटारीला धुराचे प्रमाणपत्र तरी घ्यावे लागते. विजेच्या मोटारीला त्यातून सूट आहे. सूट योग्यच आहे, पण तिच्यामुळे ही मोटार कोणत्याही नियमित तपासणीच्या कक्षेबाहेर राहते. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घेण्याची सक्ती डिसेंबर २०२२ च्या नियमदुरुस्तीने झाली हे चांगले झाले. त्या अधिकारपत्राच्या अटींत बॅटरीच्या अहवालाची भर घालणे अवघड नव्हते.

जगात या दिशेने पावले पडली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने मार्च २०२२ मध्ये संमत झालेल्या जागतिक तांत्रिक नियमानुसार बॅटरीने पाच वर्षांत किंवा एक लाख किलोमीटरमध्ये वीस टक्क्यांहून अधिक, आणि आठ वर्षांत किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरमध्ये तीस टक्क्यांहून अधिक क्षमता गमावू नये. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मोटारींपासून बॅटरीची प्रकृती चालकाला दिसलीच पाहिजे असे ठरविले. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक मोटार-बॅटरीला तिचे पारपत्र असावे असा कायदा २०२३ साली झाला. आपल्याकडेही बॅटरीला ओळखक्रमांक देण्याची चर्चा सुरू झाली आहे. पण चर्चेने सौदा सुरक्षित होत नाही.

उलट करांच्या बाबतीत सरकारचा हात पहिल्या मालकावरच फिरतो. नव्या विजेच्या मोटारीवरील वस्तू-सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या परिषदेने व्यापाऱ्याकरवी विकल्या जाणाऱ्या जुन्या विजेच्या मोटारीवरील कर मात्र बारावरून अठरा टक्क्यांवर नेला. हा कर संपूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, आणि दोन व्यक्तींच्या परस्पर व्यवहाराला तो लागत नाही, हे खरे. चार लाखांना घेतलेली मोटार साडेचार लाखांना विकली, तर कर नऊ हजारच होतो. रक्कम मोठी नाही. पण त्यातून होणारी सूचना विचित्र आहे. ग्राहकाने जेथे तपासणी आणि पावती मिळण्याची आशा आहे अशा दुकानातून उठावे आणि अनोळखी माणसाशी रस्त्यावर सौदा करावा, असे जणू त्यास सुचविले जाते.

सक्तीच्या तपासणीने खर्च वाढेल आणि बाजार आखडेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण तपासणीचा खर्च एकदाचा आणि थोडा असतो, अविश्वासाचा खर्च प्रत्येक सौद्यात आणि प्रत्येक पक्षाला भरावा लागतो. ज्याने आपली मोटार सावलीत ठेवली, सांभाळून भरली, त्याला आज त्या काळजीचा एक रुपयाही अधिक मिळत नाही, कारण ती सिद्ध करण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. पुन्हा, जुन्या मोटारीला भाव आला नाही तर नवी घेणाराही कचरतो. विजेच्या मोटारीचे भवितव्य शोभागृहात ठरते असे मानले जाते. प्रत्यक्षात ते दुसऱ्या मालकाच्या दारात ठरणार आहे.

मागणी मोठी नाही. बॅटरीची उरलेली क्षमता मोटारीच्या दर्शकावर दिसावी, हस्तांतराच्या नमुन्यात तिच्यासाठी एक रकाना असावा, तो भरणारी तपासणी कंपनी आणि विक्रेता या दोघांपासून स्वतंत्र असावी, आणि हमी मालकामागे न जाता मोटारीमागे जावी. यांतील एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. आकडा यंत्रात लिहिलेलाच आहे, तो केवळ कागदावर उतरवावयाचा आहे. जुन्या बाजारातील शेतकऱ्याला सरकारने काही शिकविले नव्हते. पण बैलाचे तोंड उघडण्याचा त्याचा हक्क कोणी हिरावलेलाही नव्हता. विजेच्या मोटारीच्या ग्राहकाला तेवढाच हक्क हवा आहे. म्हैस पाण्याबाहेर यावी, मग तिचे मोल करण्यास तो समर्थ आहे.